एकाच घरात मतं वेगळी का पडतात?

मंडळी, निवडणूक आली की घराघरांत वाद ठरलेला. म्हातारे म्हणतात, "आपल्या घराचं मत ठरलेलं हाय." पोरं म्हणतात, "ते तुमचं." यात भांडण्यासारखं काही नाही. ग्वाल्हेरचं शिंदे घराणं बघा.

विजयाराजे शिंदे १९५७ ला काँग्रेसच्या खासदार झाल्या, १९६७ ला काँग्रेस सोडून पुढे जनसंघात गेल्या. मुलगा माधवराव १९७१ ला जनसंघाकडूनच पहिल्यांदा निवडून आले. पण १९८० ला आई रायबरेलीत इंदिरा गांधींच्या विरोधात उभ्या, आणि मुलगा गुणा मतदारसंघात इंदिराजींच्याच पक्षाकडून! १९८४ ला माधवरावांनी ग्वाल्हेरात आईच्या पक्षाच्या अटलबिहारी वाजपेयींना हरवलं. नातू ज्योतिरादित्य २०२० ला काँग्रेस सोडून आजीच्या पक्षात, म्हणजे भाजपमध्ये गेले.

राजवाड्यात एका घराचं एक मत राहिलं नाही, तर आपल्या वाड्यात कसं राहील? ज्याने जो काळ बघितला, तसं त्याचं मत. म्हणून तर मतदान गुप्त असतं.

१९८९ पर्यंत मताला वय २१ लागायचं, आता १८. नाव नोंदवायला वर्षातून चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या दिवशी १८ पूर्ण असलेल्याने फॉर्म ६ भरायचा. कामासाठी दुसरीकडे राहायला गेलेल्यांनी फॉर्म ८.

बाबांनो, पोराला कुणाला मत द्यायचं ते सांगू नका. यादीत नाव आहे का, तेवढं मात्र आजच विचारा.