कचेरींतील संगणक : विकत कीं भाड्यानें ?

कचेरींत रुजू झालेल्या मनुष्याच्या हातीं पहिल्या दिवशीं जो संगणक पडतो, तो त्याचा नसतो, हें उघडच आहे. पण पुष्कळदां तो कंपनीचाही नसतो. तो भाडेपट्ट्यानें आणलेला असतो.

ही चाल जुनीच आहे. आय. बी. एम. ही अमेरिकन कंपनी आपलीं यंत्रें भाड्यानेंच देई. १९५६ सालच्या तडजोडीच्या हुकुमनाम्यानें तीं विकणेंही तिला भाग पडलें.

विकत घेतल्यास भांडवल एकदम गुंततें, परंतु यंत्र आपलें होतें. भारतांत आयकराच्या हिशेबीं संगणकाच्या उरल्या किंमतीवर दरसाल शेंकडा ४० घसारा धरितात. म्हणजे ८०,००० रुपयांचें यंत्र तीन पूर्ण वर्षांनीं वहींत १७,२८० रुपयांचें उरतें. भाड्याचा भार महिन्यांवर वांटला जातो आणि मुदतीअखेर यंत्र परत जातें. मात्र मोडतोडीची भरपाई बहुधा कंपनीसच करावी लागते.

धडधाकट यंत्रही बाद होतें. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा आधार संपला. ज्यांवर विंडोज ११ चालेना, तीं यंत्रें बदलणें किंवा पैसे भरून मुदत वाढविणें कंपन्यांस प्राप्त झालें.

खरा धोका निरोपाच्या वेळीं असतो. फाइल नुसती काढून टाकल्यानें मजकूर नाहींसा होतोच असें नाहीं. पगारपत्रकें व ग्राहकांचीं गुपितें आंत राहूं शकतात. म्हणून यंत्र बाहेर जाण्यापूर्वीं तें पूर्ण पुसलें पाहिजे. भंगारही २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणें नोंदणीकृत कारखान्याकडेच गेलें पाहिजे. वहींतील किंमत घटली, तरी जबाबदारी तसूभरही घटत नाहीं.