निखळलेला आवाज

खांदा निखळतो, कोपर निखळते, हे आपण जाणतोच. परंतु माणसाचा आवाजही निखळू शकतो! माझी मामेबहीण बोईसरला शिक्षिका आहे. पालघरला तिची पित्ताशयाची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. मात्र शुद्धीवर आल्यापासून तिच्या तोंडून शब्दांऐवजी नुसता वाराच निघू लागला.

"अगं, घसा बसलाय, दुसरं काय!" मामींनी निदान केले. हळदीचे दूध, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, सारे झाले. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालतात, त्यामुळे दोनचार दिवस घसा बसणे स्वाभाविकच. पण तिसरा आठवडा उजाडला, पाणी पिताना ठसका लागू लागला, तेव्हा आम्ही तिला मुंबईस तज्ज्ञांकडे नेले.

त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिले. (१८५४ साली मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने दोन आरसे आणि सूर्यप्रकाश यांवर भागवून स्वतःचे स्वरयंत्र पाहिले होते!) स्वरयंत्रात मागच्या बाजूस दोन चिमुकल्या कूर्चा असतात. त्यांचे नाव अ‍ॅरिटेनॉइड; मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चक्क पळी. स्वरतंतूंची मागची टोके त्यांनाच जोडलेली. त्या फिरल्या की तंतू मिटतात, उघडतात. नळीचा धक्का लागून ताईची डावी पळी सांध्यातून सरकली होती. निष्णात हातांकडूनही हे होऊ शकते, पण होते फार क्वचित. महामार्गावर मोटार आदळून गळ्याला मार बसला, तरीही हेच घडते.

खरी पंचाईत निदानाची. मज्जातंतू दुखावून स्वरतंतू लुळा पडला, तरी दुर्बिणीत चित्र जवळजवळ तसेच दिसते. म्हणून सीटी स्कॅन काढतात, स्नायूंची विद्युत्‌चाचणीही करतात.

उपचार ऐकायला सोपा: भूल देऊन, आत पाहत, बोथट हत्याराने कूर्चा हलकेच जागेवर ढकलायची. ताईची बसली; तरी आवाज लगेच परतला नाही, महिनोन्‌महिने स्वराचे व्यायाम करावे लागले.

मात्र हे काम पहिल्या काही आठवड्यांतच साधण्याची आशा अधिक. पुढे सांधा आखडतो. मग तंतूत इंजेक्शनने भर घालतात, किंवा गळ्याला बाहेरून छेद देऊन, लहानशी पाचर बसवून तो मध्याकडे सरकवतात, म्हणजे दुसरा तंतू त्याला येऊन भिडतो.