शेतमजुरांचा ओव्हरटाइम : दुप्पट मजुरी कोणाला, आणि दावा कसा टिकतो?

तुम्ही रोजंदारीवर शेतात काम करता आणि ठरलेल्या तासांनंतरही काम करावे लागते का? मग त्या जादा वेळेची मजुरी वेगळी मिळाली पाहिजे. वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. तिच्या कलम 14 नुसार जादा कामाला नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट मजुरी द्यावी लागते.

पूर्वी काय होते?
1948 च्या किमान वेतन कायद्याखालील केंद्रीय नियमांत इतर कामांना दुप्पट, पण शेतीला दीडपटच दर होता. संहितेच्या कलमात हा फरक नाही.

हिशेब कसा करावा?
समजा, रोज 400 रुपये आहे आणि कामाचा दिवस 8 तासांचा आहे. म्हणजे तासाला 50 रुपये. 2 तास जादा काम केले, तर त्याचे 200 रुपये वेगळे.

दावा कुठे अडतो?
• हे कलम किमान दर तासावर, दिवसावर किंवा त्याहून मोठ्या मुदतीवर ठरलेल्या कामासाठी आहे. उक्त्या किंवा टनावरच्या कामात हा हिशेब सरळ लागू होत नाही.
• मध्य प्रदेशातील हटा नगरपालिकेच्या खटल्यात (1998) सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा जास्त पगार असलेल्यांचा जुन्या कायद्याखालील ओव्हरटाइमचा दावा मान्य केला नाही. मालक हा मुद्दा आजही मांडू शकतो.
• शेतीसाठी 5 किंवा त्याहून कमी माणसे ठेवणाऱ्या मालकाला हजेरी-मजुरीची नोंदवही ठेवण्याची सक्ती नाही. मात्र निरीक्षकाने मागितल्यास मजुरी दिल्याचा पुरावा त्याला दाखवावा लागतो.

म्हणून तारीख, कामाला लागल्याची व सुटल्याची वेळ आणि हाती आलेले पैसे रोज वहीत लिहून ठेवा. मजुरी दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. पण जादा तास किती झाले, हे सांगायला तुमची वही उपयोगी पडते.

अर्ज कोठे करावा?
जिथे काम केले, त्या राज्यात. गाव महाराष्ट्रात असले, तरी चेन्नईजवळच्या शेतातील कामाला तामिळनाडूचा किमान दर लागतो आणि दावाही तामिळनाडू सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच जातो. अर्ज तुम्ही स्वतः, तुमची नोंदणीकृत कामगार संघटना किंवा निरीक्षक करू शकतो. मुदत 3 वर्षांची आहे; जुन्या कायद्यात ती 6 महिनेच होती. दावा मान्य झाल्यास थकबाकीखेरीज तिच्या 10 पटींपर्यंत भरपाई मिळू शकते.