मालवणचे मत्स्यभोजन : ब्राह्मणपुरीकराची शिफारस

शहादे तालुक्यातील आमच्या ब्राह्मणपुरीचा समुद्राशी संबंध एवढाच की, प्रकाशावरून वाहत जाणारी तापी अखेरीस सुरतेजवळ डुमस येथे अरबी समुद्रास मिळते. परंतु मत्स्यभोजनाचा खरा अधिकार मालवण बंदराकडेच आहे, असे माझे ठाम मत असल्याने, तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या खानदेशी मंडळींच्या माहितीसाठी हे लिहीत आहे.

सकाळी किनाऱ्यावर रापण पाहावी : होडीतून अर्धवर्तुळाकार सोडलेल्या जाळ्याची दोन्ही टोके माणसे वाळूवरून ओढीत आणतात. मग होडीनेच सिंधुदुर्गावर जावे. शिवछत्रपतींनी 1664 साली कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी केली, त्या दुर्गात, सभोवार खारे पाणी असूनही, दूधबाव, साखरबाव व दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत.

भोजनास मात्र घाई निषिद्ध. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, तिसऱ्यांचे सुके, तळलेली सुरमई आणि अखेरीस सोलकढी, असा सावकाश क्रम असावा. फ्रान्सच्या कान्काल बंदरात कालवे लिंबू पिळून कच्चीच भक्षण करतात आणि रिकामे शिंपले तिथेच किनाऱ्यावर टाकतात. मालवणात कालवांवर ओल्या खोबऱ्याचा व मसाल्याचा संस्कार होतो, आणि (काळ्या मसाल्यावर पोसलेल्या जिभेचा पक्षपात म्हणा हवे तर) मला तोच मानवतो.

सरकारी हुकुमान्वये 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांस मासेमारीची मनाई असते. तेव्हा बेत दिवाळीनंतरचा आखावा, आणि पानावर बसण्यापूर्वी सुरमईच्या तुकडीचा भाव अवश्य विचारून घ्यावा.