आठ त्रिकोणांचे भिरभिरे

जत्रेतून परतणाऱ्या बालकाच्या हाती कागदाचे भिरभिरे असते. वारा लागताच त्याच्या चार पाकळ्या एकाच दिशेने फिरू लागतात. हीच आकृती कापडाच्या तुकड्यांतून साकारण्याची कला अमेरिकेतील गृहिणींनी एकोणिसाव्या शतकात जोपासली. तेथील ‘क्विल्ट’ म्हणजे आपल्या गोधडीचीच दूरदेशीची बहीण. तिच्यातील ‘पिनव्हील’ हा चौकोन दिसावयास अत्यंत सोपा आहे. परंतु त्यासाठी लागणारे त्रिकोण कापताना भल्याभल्यांचा हिशेब चुकतो.

टंचाईतून जन्मलेली कला

सन १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेतील शेतकरी कुटुंबांना नवे कापड घेणे परवडेनासे झाले. तेव्हा पीठ, साखर आणि पशुखाद्य ज्या सुती पोत्यांतून येई, ती पोती उसवून त्यांचे कपडे व पांघरुणे शिवली जात. हे ध्यानी घेऊन उत्पादक पोत्यांवर फुलापानांची नक्षी छापत. ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वृत्तपत्राने १९२८ ते १९६१ या काळात अशा चौकोनांचे नमुने प्रसिद्ध केले आणि ते घरोघरी कात्रणे करून जपले गेले. कापडाचा प्रत्येक तुकडा मोलाचा असल्याने कात्री चालविण्यापूर्वी माप पक्के करणे ही तेव्हा हौस नव्हती, गरज होती.

अर्ध्या इंचाचा भ्रम

समजा, शिवून झाल्यावर ८ इंचांचा चौकोन हवा आहे. तो चार लहान चौकोनांचा बनतो आणि त्यातील प्रत्येक लहान चौकोन ४ इंचांचा असतो. प्रत्येकात एक फिकट व एक गडद असे दोन त्रिकोण असतात. म्हणजे एकूण आठ त्रिकोण लागतात. फिकट कापडाचे दोन व गडद कापडाचे दोन चौकोन कर्णावर कापले की हे आठ त्रिकोण हाती येतात.

हे चौकोन केवढे कापावेत, हाच खरा प्रश्न आहे. शिवणीसाठी प्रत्येक बाजूस पाव इंच सोडायचा, म्हणून नवशिका ४ इंचांत अर्धा इंच मिळवून मोकळा होतो. साध्या चौकोनास हे माप बरोबर ठरते. त्रिकोणास ते अपुरे पडते. कारण त्रिकोणास तिसरी, तिरपी बाजूही असते आणि तिच्यावरील शिवण निमुळत्या टोकांकडील कापड अधिक खाते. हिशेबाने ही वाढ सुमारे ०.८५ इंच भरते. शिंप्याच्या भाषेत इंचाचे आठ सूत धरले, तर ती जवळजवळ सात सूत होते. म्हणून चौकोन ४ इंच ७ सूत इतका कापावा लागतो.

अर्धाच इंच मिळविल्यास लहान चौकोन जवळजवळ तीन सुतांनी आखूड होतो. तीन सूत ते काय, असे वाटेल. परंतु थेंबे थेंबे तळे साचते, तशी तूटही साचते. मोठ्या चौकोनात ती पाऊण इंचाच्या घरात जाते आणि आठ चौकोनांच्या एका ओळीत साडेपाच इंचांहून अधिक भरते. पांघरूण तेवढे तोकडे पडते आणि पायांना गारवा लागल्यावर चूक कळते!

उरेब बाजूची खोड

दुसरी अडचण कापडाच्या स्वभावातच आहे. विणलेले कापड उभ्या व आडव्या धाग्यांच्या दिशेने फारसे ताणले जात नाही; तिरपे ओढले की मात्र ते लांबते. शिंपी यास ‘उरेब’ म्हणतात. त्रिकोणाची लांब बाजू नेमकी उरेब असते. ती हाताळताना किंचित ओढली गेली, तरी शिवण लाटेसारखी वर-खाली होते. इस्त्रीदेखील त्यावर घासून फिरवू नये. वरून अलगद दाबून उचलावी.

यावर अनुभवी हातांनी सुंदर तोडगा काढला आहे. आधी शिवण, मग काप! एक फिकट व एक गडद चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर ठेवतात. वरच्या चौकोनाच्या उलट बाजूवर कर्णरेषा आखून तिच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर शिवण घालतात आणि त्यानंतरच रेषेवर कात्री चालवितात. उरेब बाजू मोकळी होण्यापूर्वीच टाक्यांनी बांधली जाते. याकरिता चौकोन ५ इंचांचे घ्यावेत आणि शिवून तयार झालेले तुकडे साडेचार इंचांवर काटेकोर छाटावेत. १९७९ मध्ये जपानच्या ‘ओल्फा’ने फिरत्या पात्याचा कापणारा आणल्यापासून हे काम अधिक सुकर झाले आहे.

शेवटी चारही तुकडे मांडताना गडद त्रिकोण एकाच दिशेने वळले आहेत ना, हे पाहावे. एकच तुकडा उलटा लागला, तरी भिरभिरे जागीच थांबते.

आपल्याकडील त्रिकोण

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात मूळ आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज राहतो. तेथील स्त्रिया जुन्या कपड्यांची ‘कवंदी’ शिवतात. त्या कडेपासून प्रारंभ करून मध्याकडे येतात आणि चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे त्रिकोणी ‘फुला’ लावतात. मोजपट्टीवाचून, नजरेच्या अंदाजाने हे काम चालते. महाराष्ट्रातील गोधडीतही जुन्या लुगड्यांचे पदर धावदोऱ्याने एकजीव होतात. तेथे तुकडा जसा असेल तसा सामावून घेतला जातो. भिरभिऱ्यात मात्र तुकड्याला मापात यावे लागते.

आज जुन्या कपड्यांतून असे चौकोन करणाऱ्यांनी प्रथम जाडाभरड्या, निरुपयोगी कापडावर एक चौकोन पूर्ण करून, शिवून, मोजून पाहावा. बाजारातील कापड वाया गेले तर पुन्हा आणता येते. परंतु आजीच्या लुगड्याचा पदर किंवा आता घरात नसलेल्या वडिलांचा सदरा, हे कापड कोणत्याही दुकानात मिळत नाही. त्यावर कात्री ठेवण्यापूर्वी सात सुतांचा हिशेब करण्यात गेलेली पाच मिनिटे ही खर्चाची नव्हेत, जमेच्या बाजूस मांडावयाची आहेत.