बुरशीला न जुमानणारी भिंत

श्रावणापर्यंत कोकणातल्या न्हाणीघरात, मुंबईतल्या तळमजल्याच्या खोल्यांत, कपाटामागच्या कोपऱ्यात काळे-हिरवे ठिपके उमटतात आणि कुबट वास घर धरतो. भिंतीलगतच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास टिकून राहिली, की हवेत तरंगणारे बुरशीचे बीजाणू तिथे रुजतात. खाद्य त्यांना रंगातच मिळते. इमल्शनला दाटपणा यावा म्हणून त्यात सेल्युलोजचे प्रकार घालतात. वर बसलेली धूळ आहेच.

बुरशी काय काय पचवते हे वाचून थक्क व्हायला होते. स्वीडनच्या शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये तांबे आणि आर्सेनिक यांपासून एक सुंदर हिरवा रंग तयार केला. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या घरांच्या भिंतींवरचे कागद त्या रंगाने नटले. पुढे गोझिओ या इटालियन वैद्याने दाखवून दिले, की काही बुरश्या अशा आर्सेनिकवर वाढतात आणि लसणासारखा वास येणारा विषारी वायू सोडतात.

रंगात बुरशीनाशक घालायचे तर ते माणसाला बाधू नये, हा धडा फार महागात मिळाला. अमेरिकेत पाण्यात मिसळणाऱ्या रंगांमध्ये पाऱ्याची संयुगे घालत असत. १९८९ मध्ये मिशिगनमधले एक मूल अशा रंगाच्या घरात गंभीर आजारी पडले आणि १९९० मध्ये घरात लावायच्या रंगांतून पारा हद्दपार झाला. आज बऱ्याच बुरशीरोधक रंगांत झिंक पायरिथिऑन असते. कोंड्यावरच्या शांपूत असते तेच. पण ते हळूहळू झिरपून जाते, म्हणून त्याचा गुण काही वर्षांपुरताच.

मला सर्वांत मोठे नवल वाटते ते आपल्या चुन्याचे. कळीचा चुना पाण्यात फसफसून विरला, की त्याचा सामू १२ च्या वर जातो. एवढ्या अल्कलीत बुरशी तग धरत नाही, आणि तिला खायलाही त्यात काही नसते. भिंतीतली वाफही तो कोंडून ठेवत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पुन्हा चुनखडक होतो आणि ती धार जाते, म्हणून त्याचा हात वरचेवर द्यावा लागतो. ऑइल पेंटवर मात्र चुना धरत नाही.

गळका पाइप किंवा गच्चीची भेग कोणताही रंग बुजवत नाही. आधी गळती थांबवा. नाकातोंडाला मास्क बांधून जुनी बुरशी साबणाच्या पाण्याने पुसून काढा, पोपडे खरवडा, भिंत पुरती वाळू द्या, मगच रंगाचे दोन हात मारा. आणि घरात दम्याचे मूल असेल, तर त्याचे अंथरूण त्या भिंतीपासून आजच हलवा.