नेत्रावळीच्या रानातलं घुमट

गोव्यावर लिहायचं आणि समुद्राचं नाव काढायचं नाही, अशी अट घालून पुरवणीच्या संपादकांनी मला सांगे तालुक्यात धाडलं. गणपतीची चवथ होऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि पाऊस जाता जात नव्हता. मडगावहून तिळामळ, रिवण करत कोळंबच्या पुढे गेलो, तसा गाडीवाल्यानं एसी बंद करून काचा खाली घेतल्या. आत जी हवा आली तिला कुजक्या पानांचा आणि ओल्या लाकडाचा वास होता. सावंतवाडीत आमच्या जुन्या घराच्या मागीलदारी येतो तोच.

इतिहास फार लांबवत नाही. 1999 साली गोव्यात राष्ट्रपती राजवट होती. त्या काळात राज्यपाल जेकब यांच्या कारकिर्दीत म्हादई आणि नेत्रावळी ही दोन अभयारण्यं जाहीर झाली. निवडून आलेल्या सरकारला ते जमलं असतं का, हा प्रश्न गोव्यात अजूनही चहाबरोबर चघळला जातो. नेत्रावळीचं क्षेत्र 211 चौरस किलोमीटर. एका अंगाला खोतीगावचं अभयारण्य, पलीकडे कर्नाटकातलं काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान. पूर्वी या डोंगरांत खाणी चालत, पुढे न्यायालयाच्या आदेशांनी त्या थांबल्या. लाल मातीचे उघडे ढीग अजून मधूनच दिसतात. त्यांच्यावर आता झुडपं चढू लागली आहेत.

गावात शिरल्यावर सगळे पहिल्यांदा गोपीनाथाच्या देवळाजवळच्या बुडबुड्यांच्या तळीवर जातात. मीही गेलो. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, हिरवट पाणी आणि तळातून अखंड वर येणाऱ्या बुडबुड्यांच्या माळा. टाळ्या वाजवल्या की बुडबुडे वाढतात असं म्हणतात. माझ्या पुढ्यात पुण्याकडचं एक कुटुंब टाळ्या, आरोळ्या आणि शेवटी मोबाईलवरचं गाणं असे चढते प्रयोग करत होतं. बुडबुडे आपल्याच गतीनं येत राहिले. पायऱ्यांच्या कोपऱ्यात वेफर्सची रिकामी पाकिटं होती आणि माहितीच्या फलकावरची निम्मी अक्षरं पावसानं खाल्ली होती. पाण्यात पाय सोडून बसलो तर बारके मासे येऊन टोचे मारू लागले. शहरात यासाठी पैसे मोजतात, म्हणे.

सावरीच्या धबधब्याकडे मला घेऊन गेला तो वेळीप समाजातला एक पंचविशीचा तरुण. वेळीप, गावडे, कुणबी हे इथले मूळ रहिवासी. 2003 साली त्यांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. निघण्यापूर्वी त्यानं माझ्या बुटांकडे पाहिलं, खिशातून तंबाखू काढली, पाण्यात चुरली आणि न विचारता माझ्या मोज्यांना फासली. जळवांसाठी. तरी तीन चढल्याच.

हे रान वरून पाहिलं तर नुसतं हिरवं दिसतं. आत शिरल्यावर त्याचे मजले कळतात. पायाशी नेचे आणि वेताची काटेरी जाळी, मध्ये भेरली माड आणि रानजायफळ, आणि मान मोडेपर्यंत वर पाहिलं तर किंदळ नि माट्टीची सरळसोट खोडं. सकाळी अकरा वाजता इथे संध्याकाळचा उजेड होता. एका वळणावर वाटाड्या थांबला आणि बोट वर करून उभा राहिला. आधी आवाज आला. खळ घातलेली चादर दोघींनी दोन टोकांना धरून झटकावी तसा, एका लयीत. मग फांद्यांच्या फटीतून महाधनेश गेला, मागोमाग दुसरा. गोव्यात धनेशाच्या चार जाती आहेत. मला दोन पक्षी, तेही चार सेकंद दिसले. शेकरू मात्र निवांत भेटलं. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी गोव्याच्या झाडावर उलटा लटकून फळ खात होता, याचं मला उगाच वाईट वाटलं.

धबधब्याबद्दल एवढंच सांगतो की तो लांबून पाहावा. 2023 च्या पावसाळ्यात याच अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यावर माणसं बुडाली आणि काही काळ धबधब्यांवर जायला बंदी घालावी लागली. सावरीच्या कातळावर पाय ठेवला की त्याचं कारण कळतं.

परतताना पाऊस वाढला, म्हणून वाटाड्यानं मला आपल्या आजोबांच्या घरी नेलं आणि इथे या लेखाचा बेत बिघडला. कारण नंतरचे तीन तास मी तिथून हललो नाही.

शेणानं सारवलेली ओसरी. आत गणपतीच्या जागेवर लाकडी चौकट अजून टांगलेली होती: माटोळी. आमच्याकडे हिलाच माटवी म्हणतात. सुकलेली कांगलां, कवंडळं, आंब्याचे टाळे, सुपारीचा शिपटा, एक भलं मोठं तोरंजन. बाजारात माटोळीचं सामान विकत मिळतं, पण या घरात अजून सगळं रानातून येतं, आणि कोणतं फळ कुठल्या डोंगराच्या कुठल्या अंगाला पिकतं हे घरातल्या म्हातारीला पाठ होतं. आजोबा कोकणीत बोलत होते, मी मालवणीत. काही अडलं नाही.

त्यांच्या मांडीवर घुमट होतं. मराठीत घुमट म्हटलं की देवळाचा किंवा मशिदीचा डोळ्यांसमोर येतो. गोव्यात घुमट म्हणजे वाद्य. मातीचं फुगीर भांडं, एका बाजूला मोठं तोंड, दुसऱ्या बाजूला लहान. मोठ्या तोंडावर कातडं ताणायचं, लहान उघडं ठेवायचं. काखेत धरून उजव्या बोटांनी कातड्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्यानं लहान तोंड झाकत-उघडत आवाज वळवायचा. आरतीला, शिगम्याला, सुंवारीला घुमट हवंच.

आजोबा त्यावर नवं कातडं चढवत होते. चवथीत जुनं फाटलं होतं. भिजवलेलं कातडं त्यांनी तोंडावर पसरलं, कडेखाली सुंभाचं वेटोळं घातलं आणि सगळ्या बाजूंनी थोडं थोडं ओढत आवळत गेले. एका बाजूला जास्त ओढ पडली की जिभेनं चक् करत आणि पहिल्यापासून सुरुवात. मी पाहत असताना चार वेळा सोडलं. नातू म्हणाला, "आजा, पुरे आता." त्यांनी ऐकलंच नाही.

"कातडं कशाचं?" मी विचारलं.

"बकऱ्याचं."

"आणि पूर्वी?"

ते नुसते हसले. पूर्वी घोरपडीचं असे, हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पातळ, चिवट, पावसातही फारसं न सैलावणारं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण दिलं आणि घुमट बरीच वर्षं अडचणीत सापडलं. मग बकऱ्याच्या कातड्यावर लोकांनी हात बसवला, आणि 2019 साली सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. ही बातमी आजोबांना शाळेतल्या एका पोरानं सांगितली.

"सरकार म्हणतं वाजवा," ते म्हणाले, "बरं आहे. पण बकऱ्याचं कातडं पाऊस पडला की झोपतं. त्याला उठवावं लागतं." उठवायचं म्हणजे चुलीजवळ धरून शेकायचं. कायद्याबद्दल त्यांची तक्रार मला ऐकू आली नाही. बकऱ्याबद्दल मात्र पुष्कळ होती.

भांडं त्यांच्या वडिलांचं. काठाजवळ एक टवका उडालेला, त्याला राळ लावलेली.

घराबाहेर, वाटेच्या कडेला, दगडात कोरलेला एक वाघ होता. पुढ्यात तेलाची पणती, कोणी ठेवलेलं जास्वंदीचं फूल. हा वाघरो. गोव्यातल्या अनेक गावांत तो राखणदार म्हणून पुजला जातो. आमच्याकडे वाघबारशीला एका पोराला वाघ करून रानाकडे पळवून लावायचे. एका वर्षी तो मान मला मिळाला होता आणि काजळाचे पट्टे चार दिवस गेले नव्हते. आजोबांना मी विचारलं, वाघ पाहिलाय का? त्यांनी "वाघ" हा शब्द उच्चारला नाही. "तो असतो," एवढंच म्हणाले, "आम्ही त्याच्या वाटेला जात नाही, तो आमच्या."

2023 च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं म्हादई, नेत्रावळी वगैरे क्षेत्र तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करा, असा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याआधी, 2020 मध्ये, सत्तरी तालुक्यात वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले होते. विषप्रयोगाचं ते प्रकरण लोक विसरलेले नाहीत. दुसरीकडे 2006 च्या वनहक्क कायद्याखाली केलेले अर्ज इथल्या कित्येक घरांत फायलीत पडून आहेत. प्रकल्प झाला तर आपल्याला उठवतील, ही भीती नातवाच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येत होती. वाघ हवा आणि हे घरही हवं, असं मला वाटतं. ते कसं जमवायचं हे मला विचारू नका. पण वाघाला फूल वाहणाऱ्या माणसालाच वाघाच्या नावानं धास्ती बसावी, हे काही बरं नाही.

नातू मडगावात एका हॉटेलात कामाला जातो, सुट्टीला रान दाखवतो. घुमट वाजवतो का? "वाजवतो. चढवायला येत नाही." आजोबांनी मान खाली घालून सुंभाची गाठ मारली.

पाऊस ओसरला तेव्हा त्यांनी भांडं चुलीजवळ धरलं, फिरवलं, कानाशी नेऊन बोटानं टिचकी मारली, परत धरलं. मग माझ्याकडे दिलं. "वाजव, पुता." मी मारलेली थाप डब्यावर मारल्यासारखी वाजली. म्हातारी आतून हसली. आजोबांनी घुमट परत घेतलं, काखेत धरलं आणि डाव्या तळव्यानं लहान तोंड झाकत सोडत वाजवू लागले. ओसरीच्या खांबाला टेकलो होतो, तो खांब पाठीत घुमत होता. मध्येच थांबून त्यांनी कातड्याला कान लावला आणि कपाळाला आठी घातली.

"अजून झोपलंय," ते म्हणाले, आणि पुन्हा चुलीकडे गेले.